चिकाचे दिवस

ऑगस्ट लागला की माझ्या नाकाला आधी कळतं, कॅलेंडरला नंतर. हॅमिल्टनच्या कडेला आम्ही राहतो त्या रोटोटुनाची नवीकोरी, एकासारखी एक घरं संपतात आणि कुरणं सुरू होतात, तिथे मी गाडीची काच दोन बोटं खाली करते. इथला ऑगस्ट म्हणजे हिवाळा, बाहेर मरणाची थंडी असते, गवतावरचं दव गोठून पांढरं झालेलं असतं, आणि त्या थंडीतून तो वास आत येतो. ओला भुसा, शेण, कोमट दूध आणि वासरांच्या नाळेवर मारतात त्या आयोडीनचा उग्र दर्प. सई शेजारी असली तर नाक धरून ओरडते, "ईऽऽ मम्मा, क्लोज द विंडो!" मी म्हणते, बाई गं, ह्याच वासात रांगायला शिकलीस तू. त्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणते, "आय नो. यू टेल मी एव्हरी इयर."

सांगतेच मी दर वर्षी. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतून येतं. मीही आता त्याचं फार वाईट वाटून घेत नाही. बारा वर्षांची होईल. उंचीने माझ्या खांद्याला लागलीये.

याच दिवसांत हॅमिल्टनच्या मराठी ग्रुपवर मेसेज पडायला लागतात. 'कुणाकडे चीक मिळेल का हो?' एरवी गणपतीच्या वर्गणीलाही उत्तर न देणारी माणसं चिकासाठी लगेच जागी होतात. ऑकलंडकडच्या पापाकुराहून एक काका दर वर्षी गाडी हाणत येतात, दोन लिटर चिकासाठी. त्यांना म्हटलं, काका, ऑकलंडमध्ये मिठाईच्या दुकानात काय वाटेल ते मिळतं. तर म्हणाले, "मिठाई मिळते गं, चीक नाही मिळत." खरंय ते. चीक विकायची वस्तूच नाही. ज्याच्या घरी गाय व्यायली त्याने शेजाऱ्याला द्यायची, आणि शेजाऱ्याने त्या भांड्यात काहीतरी घालून भांडं परत करायचं. मूठभर तांदूळ, गुळाचा खडा, काहीही. पण रिकामं भांडं परत पाठवायचं नाही.

आता ओळखीच्या एका फार्मवरून मला चीक मिळतो. जुन्या दुधाच्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये, पिवळाधमक, मधासारखा दाट. मी तो ओट्यावर ठेवते, गूळ किसते, वेलची कुटते, कुकरची शिट्टी काढून ठेवते, आणि दर वर्षी इथेच माझे हात थांबतात. सासूबाई आठवतात. गेल्या वर्षी त्या गेल्या, फलटणजवळ, त्यांच्या गावात, त्यांच्याच घरात. मला पोचायला उशीर झाला. इथून कुठेही पोचायला उशीरच होतो म्हणा. त्यांच्यासोबत मी एकच हंगाम काढला, पण माझ्या आयुष्यातला तोच मोठा हंगाम.

मी हडपसरची. बीकॉम झालेली. शेणात हात घालायचा प्रसंग जन्मात आला नव्हता. इथे शिकायला आले ते मॅनेजमेंट, आणि नोकरी मिळाली ती वासरं सांभाळायची. माझ्या आईला फोनवर सांगितलं. तर ती म्हणाली, "म्हणजे गोठ्यात?" मी म्हटलं, "गोठा नाही गं, काफ शेड म्हणतात." जसं काही नाव बदललं की शेणाचा वास जातो.

नितीन, माझा नवरा, दुधाच्या पावडरीच्या कारखान्यात लागला होता. वसंतात इथे दुधाला पूर येतो आणि कारखाना दिवसरात्र चालतो. त्याची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. माझं काम पहाटे पाचला सुरू व्हायचं. आणि मधे सई. दहा महिन्यांची, दोन दात आलेली, दिसेल ती वस्तू तोंडात घालणारी. पाळणाघर सात वाजता उघडायचं. पहाटे पाच ते सात हे पोर कुणाकडे ठेवायचं, या एका प्रश्नावर आमचं सगळं घर अडलेलं होतं. नोकरी सोडावी तर माझा व्हिसा त्या नोकरीला बांधलेला, आणि नितीनचा माझ्याला. मी घरी बसले की तिघांनी बॅगा भरायच्या.

म्हणून सासूबाई आल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणायचे. सासरे जाऊन वर्ष झालं होतं, गावच्या मोठ्या घरात त्या एकट्या राहत होत्या. त्या आल्या आणि आमच्या घराला घरपण आलं. पण त्यांचा व्हिसा सप्टेंबरअखेर संपत होता. तेव्हा ठरलं ते असं, की आई जाताना सईला घेऊन जातील. दोन वर्षं. फार तर तीन. आमचं कायमचं राहायचं झालं की आणायची.

हे ऐकून कुणाला वाटेल, काय बाई दगडाच्या काळजाची. पण आमच्यात तेव्हा हे सर्रास चालायचं. मला धीर द्यायला आलेल्या बायकाच सांगायच्या, "अगं, आमचा पण नगरलाच होता आजीकडे दीड वर्ष. काही नाही होत. मुलांना कळतच नाही." एकीने तर सांगितलं की आल्यावर महिनाभर तो तिला 'काकू' म्हणायचा. सांगताना हसली ती. मीही हसले. घरी येऊन बाथरूमचा नळ सोडला आणि रडून घेतलं.

तिकिटं काढली होती. आईंचा उत्साह मात्र बघण्यासारखा होता, आणि खरं सांगते, मला तो सोसायचा नाही. फोनवरून त्यांनी गावात सुताराला पाळण्याची कडी बसवायला सांगितली. शेजारणीला सांगितलं, नात येतीये, मऊ दुपटी शिवून ठेव. सईला मांडीवर घेऊन म्हणायच्या, "आपल्याकडं कोंबड्या हायत, शेळी हाय, आणि ऊन तर किती! हितलं ऊन म्हंजे नुसतं दाखवायला." सई खिदळायची. मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच आपटायचे.

त्या वर्षी पाऊसही असा, की फार्मवर पाय ठेवीन तिथे चिखल. गमबूट ओढून काढावे लागायचे. कुरणात रात्री जन्मलेली वासरं सकाळी ट्रेलरमधून शेडमध्ये यायची, ओली, थरथरणारी, पाय कुठे टाकायचे ते न कळणारी. त्यांच्या नाळेवर औषध मारायचं, कानाला बिल्ला लावायचा, आणि आधी चीक पाजायचा. जे पीत नाही त्याच्या तोंडात बोट घालायचं. त्याची खरखरीत जीभ बोटाभोवती गुंडाळली जाते, ते बोट ओढायला लागतं, की हळूच रबरी आचळ तोंडात सरकवायचं. मला हे पटकन जमलं. घरी एक पोर होतंच ना बोट चोखणारं.

गाई कुंपणापाशी येऊन हंबरायच्या. दूध काढायच्या गाईचं वासरू इथे पहिल्याच दिवशी वेगळं करतात. तो आवाज पोटातून येतो. एकदा नितीन बोलून गेला, "तुझ्या गाईंसारखंच झालं की गं आपलं." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मालकीणबाई, लोरेन, म्हणायची की गाय तीन-चार दिवसांत विसरते, चरायला लागते. असेल. मी गाय नाही.

लोरेन आणि तिचा नवरा ग्रँट, दोघंच त्या फार्मचे मालक. लोरेनचे गुडघे गेलेले, त्यामुळे तिने पहाटेचं दूध काढणं सोडलं होतं. ग्रँट दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा माणूस. सकाळी दहाला स्मोको, म्हणजे चहाची सुट्टी. सगळ्यांनी त्यांच्या स्वयंपाकघरात एकाच टेबलाशी बसायचं आणि चहा ग्रँटने करायचा. मालक चहा करतोय आणि मी बसलेय, याची मला इतकी लाज वाटायची की पहिले काही दिवस मी उभी राहूनच चहा प्यायले. त्याने काही न बोलता खुर्ची पायाने माझ्याकडे ढकलली, तेव्हा बसले.

लोरेन रोज विचारायची, "बेबी कशी आहे?" आणि मी रोज म्हणायचे, "ऑल गुड."

ही आपली रीत. मालकाला अडचण सांगायची नाही. अडचण सांगितली की मालक माणूस बदलतो, हे आम्हाला बाळकडूतच पाजलेलं. वडिलांनी तापात फणफणत कंपनीत हजेरी लावलेली मी पाहिली होती. नितीन तर म्हणायचा, "चुकूनसुद्धा बोलू नकोस घरचं काही. रडकी बाई नको असते कुणाला." म्हणून ऑल गुड. पोर रात्रभर तापाने रडलंय, ऑल गुड. पोर पुढच्या महिन्यात समुद्रापलीकडे जाणार आहे, ऑल गुड. इथे हे दोन शब्द पाण्यासारखे वापरतात, त्यामुळे कुणाला संशय येत नाही.

एके दिवशी लोरेनने मला कॅनभर चीक दिला. शेडमध्ये जास्तीचा होता, मी सहज बोलले होते की आमच्याकडे याचा गोड पदार्थ करतात. तो घरी नेला आणि आई लहान मुलीसारख्या हरखल्या. झाकण उघडून वास घेतला, बोट बुडवून बघितलं. "पयल्या दिवसाचा हाय," म्हणाल्या, "ह्यात निम्मं दूध घालावं लागंल." खरवस असा झाला, की सुरी लावली तर थरथरला. आम्ही तिघं ओट्यापाशीच उभं राहून खाल्ला. सईला चिमूटभर चाटवला. मग आईंनी कॅन घासून पुसून ठेवला, एका डब्यात खरवसाच्या वड्या भरल्या आणि म्हणाल्या, "उद्या मला तुझ्या मालकिणीकडं ने."

मी म्हटलं, "आई, मी देते ना नेऊन."

"भांडं मी परत करणार. घरात मोठं माणूस असताना सुनेच्या हाती पाठवतात व्हय?"

दुसऱ्या दिवशी नितीन रात्रपाळी संपवून दोघींना घेऊन फार्मवर आला आणि स्वतः गाडीतच सीट मागे टाकून झोपला. आई उतरल्या. नऊवारी, त्यावर नितीनचं जाकीट, पायात माझे जुने गमबूट, कडेवर सई, हातात डबा. ग्रँटने टोपी काढली. त्याने कुणासाठी टोपी काढलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

शेडपाशी आई थांबल्या. वासरं त्यांच्या पदराशी झोंबायला लागली. एकेकाच्या कपाळावर बोट ठेवत त्या म्हणाल्या, "गोऱ्हे कुठंयत गं? सगळ्या कालवडीच दिसत्यात." गोऱ्हे दुसऱ्या कप्प्यात होते आणि त्यांना न्यायला ट्रक येणार होता. मी म्हटलं, "जातात दुसरीकडे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. शेतकऱ्याच्या घरात आयुष्य काढलेल्या बाईला 'दुसरीकडे' म्हणजे काय ते सांगायला लागत नाही.

टेबलाशी आम्ही बसलो. सई खाली सोडली तर सरळ कुत्र्याकडे रांगत गेली आणि त्याचा कान धरून बसली. कुत्रंही गुणी, हललं नाही. लोरेनने खरवस तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाली, "इतकी वर्षं आम्ही हा वासरांनाच पाजला!" ग्रँटने न बोलता दुसरी वडी उचलली. मग लोरेनने विचारलं, तुम्ही परत कधी निघणार? मी आईंना मराठीत सांगितलं.

आई म्हणाल्या, "सांग तिला, पंधरा दिसांनी निघणार. आणि सांग, नातीला संगं घेऊन चाललेय. हितं सकाळी तिला बघायला कुणी नाय म्हणून."

मी म्हटलं, "इन टू वीक्स."

आईंनी कप खाली ठेवला. "माझं बोलणं लांब हुतं की."

"तेवढंच पुरे आहे, आई," मी दात आवळून म्हटलं.

"सांग तिला."

"नाही सांगणार."

लोरेन एकदा माझ्याकडे, एकदा आईंकडे बघत होती. आई उठल्या. सईला कुत्र्यापासून उचलून घेतलं. लोरेनच्या समोर उभ्या राहिल्या. आधी सईच्या छातीवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या. मग तो हात विमानासारखा वर वर नेला, खिडकीपर्यंत. मग माझ्याकडे बोट दाखवलं आणि रिकामी ओंजळ पुढे केली. सगळं जगाला कळेल असं. देवा, मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"सुट्टीसाठी?" लोरेनने मला विचारलं.

"दोन वर्षांसाठी," मी म्हटलं.

लोरेनचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, गेली नोकरी. ती म्हणाली, "मी तुला रोज विचारत होते. रोज. आणि तू रोज ऑल गुड म्हणालीस." तिच्या डोळ्यात पाणी होतं, आणि रागही होता. मला दया अपेक्षित होती, नाहीतर नाराजी. असा राग, जो घरच्या माणसावरच येतो, त्याची मला तयारी नव्हती.

ग्रँटने किटली उचलली, सगळ्यांच्या कपात चहा ओतला आणि त्या दिवशीच्या दहा वाक्यांपैकी तीन खर्च केली. "शेडमागची कॉटेज रिकामी आहे. तिथे राहायला या. पहाटे पोरगी लोरेनकडे राहील, ती तशीही जागीच असते."

लोरेन म्हणाली, "माझी चार पोरं त्या शेडमध्ये वाढली. पाचवीने काय बिघडतंय?" आणि आईंकडे हात पुढे केले. आईंनी सईला तिच्याकडे दिलं. दिलं, पण लगेच हात मागे घेतले नाहीत. क्षणभर दोघींचे हात त्या पोराच्या काखेतच होते.

मी तेव्हा रडले. भरल्या टेबलाशी, मालकासमोर, नाक ओढत रडले. ग्रँटने पुसायला भांड्यांचं फडकं पुढे केलं. मी ते घेतलं.

गाडीत बसल्यावर मात्र माझा पारा चढला. सुटका झाली होती, पण मान खाली गेली होती, आणि हे दुसरंच जास्त झोंबत होतं. मी म्हटलं, "आई, घरातलं चव्हाट्यावर मांडायची काय गरज होती?" आई खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "भांडं परत करायचं हुतं, केलं." नितीन डोळे चोळत विचारत होता, काय झालं, काय झालं. आम्ही दोघींनी त्याला काही सांगितलं नाही.

आम्ही आठवड्यात कॉटेजवर राहायला गेलो. पुढची तीन वर्षं तिथेच होतो. सई पहिलं पाऊल टाकायला शिकली ती लोरेनच्या स्वयंपाकघरात, आणि चिखलाला 'मड' म्हणायचं की 'चिखल' हे तिने कधी ठरवलंच नाही. आमचं कायमचं राहायचं झालं, नोकऱ्या बदलल्या, रोटोटुनाला घर झालं. लोकांना वाटतं आमचं सगळं आपसूक सुरळीत झालं. मीही कुणाला फारसं सांगत नाही.

आई परत कधी आल्या नाहीत. बोलावलं की म्हणायच्या, "त्या विमानात माझं गुडघं गोठत्यात." आम्ही सईला घेऊन गावी जायचो, पण किती वेळा जाणार? फोनवर दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या. आई विचारायच्या, "जेवलीस का गं?" सई म्हणायची, "येस आजी." पुढे काय बोलायचं ते दोघींनाही सुचायचं नाही. सईला त्यांनी गावच्या घरात वाढवलं असतं तर ती त्यांच्याशी तासन्‌तास बोलली असती, भांडली असती, त्यांच्याच 'हाय'-'नाय'मध्ये. हे मला त्या प्रत्येक फोनच्या वेळी दिसायचं. आईंनाही दिसत असणारच.

त्या वर्षी सप्टेंबरअखेर आई निघाल्या तो दिवस स्वच्छ, कोरडा, बोचऱ्या उन्हाचा होता. ऑकलंडच्या विमानतळावर आम्ही लवकर पोचलो. नितीन बॅगा ट्रॉलीवर चढवत होता. त्या दिवसानंतर आमचं नीट बोलणंच झालं नव्हतं. शेवटी आत जायची वेळ झाली. मी सईला कडेवरून उतरवून त्यांच्यापुढे धरलं. म्हटलं, "आई, घ्या ना एकदा."

आई एक पाऊल मागे सरकल्या. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे बांधले, जत्रेत मुलांना 'हात लावायचा नाही' म्हणून सांगतात तसे.

"हातात देऊ नगंस, मनीषा."

"असं काय करता?"

"तुला वाटलं, मी तुझी लाज काढली त्या बाईपुढं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगतात तसा. "तू काय इचारणार नव्हतीस तिला. जल्मात नसतं इचारलंस. आणि दोन वर्सं म्हंता तुम्ही. दोन वर्सांनी तू न्यायला आली असतीस, आणि मी तुला पोर परत दिली नसती. माझ्यानं झालंच नसतं ते."

मग त्यांनी ट्रॉलीची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि आत गेल्या. मागे वळून बघितलं नाही. मी सईला धरून तिथेच उभी होते, आणि माझे हात अजून पुढेच होते.